दोन टक्के उजेड

रात्री अकराला लेसर लावते.
दापोलीत वीज गेलेली, इन्व्हर्टर कुरकुरतोय,
आणि काचेच्या बशीत, सदतीस अंशांच्या उबेत,
उंदराच्या पिल्लाच्या हृदयातली एक पेशी
एकटीच धडधडते.
छाती नाही, रक्त नाही, पोहोचवायचं कुठे काही नाही,
तरी आकसते, सैलावते.
मिनिटाला बावन्न. दोनदा मोजले.

तिच्यात मी परवा एक जनुक सोडलंय.
मूळचं ते दूरच्या थंड समुद्रातल्या जेलीफिशचं.
आमच्या हर्णैत त्याला झार म्हणतात.
झारांनी जाळं भरलं की बाबा दोन दिवस
हात खाजवत शिव्या घालायचे.
त्याच झारांचा हिरवा आता
कॅल्शियम भेटला की उजळतो,
सुटला की विझतो.
बाबांना सांगितलं तेव्हा म्हणाले,
पगार देतात ना याचा?

आधी एक ठिणगी. काठाशी, एवढीशी,
बांगड्याने पाण्यात कूस बदलावी तशी.
मग शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं,
आणि अख्खी पेशी हिरवी होऊन आखडते.

आता ॲड्रेनलिनचा थेंब.
थेंब आत जात नाही, हे मला अजून नवल वाटतं.
तो बाहेरच थांबतो, भिंतीशी.
आत धावतो तो दुसराच निरोप्या,
ज्याने बाहेरच्याला पाहिलेलंसुद्धा नाही.

बाबांची बोट परतली नव्हती त्या सकाळी
होडेकरांचा इब्राहिम असाच अंगणात उभा राहिला होता,
चपला न काढता.
तो काय बोलला ते माझ्यापर्यंत आलंच नाही.
पण चुलीपुढे आईच्या हातातला पळा थांबला,
काकी मीठ टाकायची विसरली,
मागल्या दारी कुणीतरी कोंबड्यांना हुसकलं,
आणि मी, सात वर्षांची, पाटी पुसत असलेली,
माझ्या पोटात आधी कळलं.
बोट तिसऱ्या दिवशी आली.
डिझेल संपलं होतं, एवढंच.

ऐंशी. ब्याऐंशी.
पेशी पळते आहे, कुठेही न जाता.

मघाशी हरेश्वरचा फोन होता.
एलईडीवाले परत आलेत, म्हणाला,
पंधरा वावांत दिवस उगवल्यासारखा उजेड,
मासळी खुळ्यासारखी वर येते
आणि आमच्या वाट्याला नुसतं पाणी.
मी हूं हूं करत राहिले.
लेसर कितीवर ठेवायचा ते बघत होते.

पहिल्या वर्षी वीस टक्क्यांवर ठेवायचे.
काय चित्रं यायची! एकेक रेघ कोरलेली.
एकदा एक पेशी हिरवी झाली ती हिरवीच राहिली,
लखलखीत, स्थिर.
मी खुशीत सरांना बोलावलं.
सर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले,
सुप्रभा, उजेड विझत नाही
म्हणजे ती गेली.
तू बघत होतीस, त्यानेच गेली.

म्हणून दोन टक्के.
चित्र दाणेदार येतं, धुक्यातल्या बत्तीसारखं.
ठिणगी की नुसता पडद्याचा कचरा,
पुष्कळदा ठरवता येत नाही.
परीक्षक लिहितील, प्रतिमा अस्पष्ट.
असू दे.

बावन्नवर परत यायला तिला बराच वेळ लागला.
तेवढा वेळ मी काहीच केलं नाही,
स्टुलावर बसून राहिले.

शटर पाडते.
आता ती अंधारात उजळत असेल, विझत असेल.
असेल, एवढंच म्हणता येतं.

खाली बंदरात चारला बोटी सुटतील.
हरेश्वर इंजिन लावेल, ते आधी दोनदा खोकेल.
मी बशीवर मार्करने तारीख घालते,
बाजूला वेळ,
आणि वीज आली का ते बघायला
खिडकीशी जाते.